धाकटा दांडा

डॉक्टर बाहेर आले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. हे पक्कं आठवतं, कारण समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाशिवाय मी दुसरीकडे कुठे बघत नव्हतो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलेलोच होतो. तेव्हाच मला कळलं. त्यानंतर ते जे बोलले ते नुसतं ऐकून घेतलं. बायकोचं आतल्या आत फार रक्त गेलं होतं, म्हणाले. आणायला उशीर केला असं काही नाही, असंही म्हणाले.

पाच मिनिटांनी माझा मेहुणा आला. त्याला सगळे पान्या म्हणतात. लहानपणी खेळणं सोडून पाना उशाशी घेऊन झोपायचा, तेव्हापासूनचं नाव. गॅरेजमधून निघाला होता तसाच आला होता, ग्रीसने भरलेल्या हातांनी. हात कुठे पुसावेत ते त्याला कळेना, म्हणून ते पुढे धरूनच उभा राहिला. मी मान हलवली. तो भिंतीला पाठ लावून खाली सरकला आणि फरशीवर बसला.

तिथूनच म्हणाला, "कसं झालं, दाजी?"

"गाडी मागे आली."

"हँडब्रेक?"

"ओढला होता. धरला नाही."

"आणि गिअर? गिअरमध्ये होती ना?"

"होती."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो इतका सहज तोंडातून निघाला.

पान्या म्हणाला, "मग गिअर सुटला. मी बांधलेला गिअर सुटला." आणि त्याने तेच हात तोंडावर घेतले.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण नर्स सहीचे कागद घेऊन आली. मी सह्या करत बसलो, आणि वाक्य राहून गेलं.

*

ती गाडी पान्यानेच बनवली होती. बनवली म्हणजे, मेलेली उठवली होती. लष्कराच्या लिलावातून भंगारवाल्याकडे आलेली, चारही चाकांना जोर असलेली, डोंगर चढणारी मालवाहू गाडी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पान्याने आणली तेव्हा तिच्या बॉनेटखाली मुंग्यांनी वारूळ केलं होतं. तीन वर्षं तो तिच्यामागे होता. मिळाले ते भाग बसवले, मिळाले नाहीत ते स्वतः घडवले. त्याला ती एका हौशी माणसाला विकायची होती, जो तिला छपराखाली ठेवेल आणि रविवारी पुसेल.

माझी बायको म्हणाली, "गाडी काय फोटो आहे, भिंतीला टांगून ठेवायला? आम्हाला दे."

माझा धंदा बोअरमधल्या मोटारी काढायचा. मोटार बिघडली की दोनशे-तीनशे फूट पाइप एकेक करून वर ओढायचे, मोटार दुरुस्त करायची, पुन्हा सगळं खाली सोडायचं. टेकड्यांवरची कामं जास्त, कारण तिकडे दुसरं कोणी जात नाही. आमच्या छोट्या टेम्पोचं इंजिन त्या चढांनी खाल्लं होतं. तरी मी नको म्हणालो.

"रोज चालवायला जुनी गाडी म्हणजे रोजचं दुखणं."

"तुम्ही कुठे नवे आहात?" ती म्हणाली. "मी चालवतेच आहे ना तीस वर्षं."

पान्या गाडीखाली झोपून काम करत होता. तो इतका हसला की त्याचं डोकं वर आपटलं. "ताई, यांना पण सर्व्हिसिंगला टाकून जा एकदा माझ्याकडे."

"नको बाबा. तू सगळं खोलून ठेवतोस आणि तीन वर्षं लावतोस."

असा तो व्यवहार झाला. किंमत बहीण-भावाने आपसात ठरवली, मला कोणी विचारलं नाही.

गाडी ताब्यात देताना पान्याने आम्हाला दोघांनाही पुढे बसवलं आणि शिकवणी घेतली. या गाडीला दोन दांडे. मोठा गिअरचा, सगळ्या गाड्यांना असतो तो. त्याच्या शेजारी एक आखूड. इंजिनाची ताकद कुठे जायची ते हा आखूड दांडा ठरवतो. पुढे केला की ताकद चाकांना. मधे ठेवला की चाकं इंजिनापासून सुटली, आणि सगळी ताकद समोरच्या विंचला, म्हणजे बंपरवरच्या वायरदोराच्या रिळाला. पाइप ओढायला मला तेच हवं होतं.

"हे थोरले आणि हे धाकटे," पान्या म्हणाला. "थोरल्याला सगळे मान देतात, पण घर धाकट्यावर चालतं. धाकटा मधे असला ना दाजी, तर थोरला कुठल्याही गिअरमध्ये घाला, चाकं मोकळीच. उतारावर गाडी अशी जाईल, पाण्यासारखी. म्हणून काम झालं की आधी धाकटा पुढे, मग खाली उतरायचं. चाकांमागे दगड लावायचे. आणि दगड काढताना माणूस स्टिअरिंगवर पाहिजे, ब्रेकवर पाय ठेवून. हँडब्रेक नवा आहे, सैल पडेल. महिन्याने या, आवळून देतो."

महिन्याने मी गेलो नाही. कामं होती. गिअर आहे, दगड आहेत, असं म्हणत राहिलो.

दगड तिने निवडले होते. एका बाजूने उतरते, चाकाखाली बरोबर बसणारे दोन. कुठे विसरू नयेत म्हणून तिने ते पिवळ्या रंगाने रंगवले होते. काम करताना मी गाडीत बसून क्लच आणि विंच सांभाळायचो, ती बोअरच्या तोंडाशी उभी राहायची. तळहात वर म्हणजे थांबा. दोन बोटं म्हणजे हळू. पाइप वर आला की ती पकड लावायची. लोक बघत उभे राहायचे. बाई हे काम करते म्हणून एकदा कोणीतरी हसलं, तर तिने पकड त्याच्या पुढ्यात धरली आणि म्हणाली, "या, तुम्ही लावा. बोटं मोजून घ्या आधी." मग कोणी हसलं नाही.

काम संपलं की मी इंजिन बंद करून उतरायचो आणि बोअरचं झाकण आवळायचो. ती केबल गुंडाळायची, सामान चढवायची, शेवटी दगड. दगड काढण्याआधी मागून हाक द्यायची, "धाकटा पुढे?" मी म्हणायचो, "पुढे." मग ती दगड काढायची. माणूस स्टिअरिंगवर पाहिजे, हा पान्याचा नियम आम्ही दुसऱ्याच आठवड्यात सोडला होता. दहा मिनिटं वाचायची. इतकी कामं तशीच झाली आणि कधी काही झालं नाही, म्हणून आमचा तोच नियम झाला.

*

ते काम टेकडीवरच्या वसतिगृहाचं होतं. मोटार बदलली, पाइप सोडले, वायरदोर गुंडाळला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. माझा हात धाकट्या दांड्याकडे जाणार, इतक्यात वसतिगृहाच्या रखवालदाराने खोलीतून ओरडून विचारलं, "मोटार चालू करू का?" केबल अजून जोडलेली नव्हती. "थांब, थांब!" म्हणत मी गाडीतून उडी मारली. जोडणी केली, त्याला चार शब्द ऐकवले, आणि तिथूनच झाकणाकडे गेलो.

झाकणाचा दुसरा बोल्ट आवळत होतो. मागून ती म्हणाली, "धाकटा पुढे?"

मी म्हणालो, "पुढे. काढ दगड."

मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

गाडी आवाज न करता गेली. इंजिन बंद होतं. मला दगड घासल्याचा आवाज आला आणि मग तिचा. गाडीच्या मागे चार पावलांवर दगडी कठडा होता. मी धावत जाऊन गाडीत चढलो. माझा हात आपोआप धाकट्या दांड्यावर गेला. तो मधे होता. मी तो पुढे ढकलला, इंजिन चालू केलं, गाडी पुढे घेतली. त्या ढकलण्याबरोबर पुरावाही गेला, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. नंतर सुचलं.

रखवालदाराने आणि मी तिला सीटवर ठेवलं. खाली जायला चाळीस मिनिटं लागली. वाटेत ती एकदाच बोलली.

"दगड राहिले ना तिथे?"

मी म्हणालो, "आणू नंतर."

*

आमची मुलगी दूर असते. ती आली, पंधरा दिवस राहिली. तिने आईचे कपडे आवरले, औषधांच्या बाटल्या फेकल्या, चष्मा कुठे ठेवायचा ते तिला समजेना म्हणून तो फ्रिजवर ठेवला. अजून तिथेच आहे. जायच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, मामाला भेटून जा.

"मामाचं नाव काढू नका, बाबा."

"अगं, तो धड जेवत नाहीये."

"आई पण जेवत नाहीये," ती म्हणाली. "तीन वर्षं तो गाडी बनवत होता. तीन वर्षांत एक ब्रेक नीट बसवता आला नाही त्याला?"

त्यावर मला बोलता आलं असतं. आम्ही दोघंच होतो, दार लावलेलं होतं, घाई कुणालाच नव्हती. पण मला वाटलं, आत्ता सांगितलं तर हिची आई गेली आणि बापही गेला. तिला सुखरूप जाऊ दे, फोनवर सांगू. फोनवर आम्ही जेवलात का, झोप लागली का, एवढंच बोलतो. पान्याने तिला दोनदा फोन केला. तिने उचलला नाही.

पान्याने गाडी नेली आणि गिअरबॉक्स उतरवला. कामाला गाडी नव्हती, म्हणून मीही रोज गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. त्याने मोठ्या टेबलावर जुनं पांढरं कापड पसरलं होतं आणि त्यावर एकेक दातेरी चाक, एकेक स्प्रिंग, बेअरिंगची एकेक गोळी क्रमाने मांडली होती. भिंग लावून दात बघायचा. चहा गार व्हायचा.

"हे बघा दाजी, या दाताची कड. झिजलीय असं वाटतं का?"

"मला काय कळतं?"

"मलाच कळत नाहीये, तुम्हाला कुठून कळणार!" तो म्हणायचा, आणि थोडंसं हसायचा, सवयीने.

सगळं परत बांधलं. काही सापडलं नाही. पुन्हा उतरवलं. पुन्हा बांधलं. त्या दिवसांत एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्याची मोटारगाडी अर्धी होऊन कोपऱ्यात उभी होती, रंगाला आलेली. तो टेबलावरचं सगळं बघून म्हणाला, "राहू दे रे. मी नेतो ती. तुझं मन नाही थाऱ्यावर." मग दारात थांबून, मला ऐकू जाणार नाही असं समजून, बरोबरच्या माणसाला म्हणाला, "स्वतःच्या बहिणीची गाडी ज्याला धड बांधता आली नाही..."

पान्याने ऐकलं. तो स्प्रिंग पुसत राहिला.

मी उठलो. म्हणालो, "पान्या, एक सांगायचंय."

"सांगा ना."

"ती..." मी म्हणालो. "ती तुला फार मानायची."

"माहीत आहे, दाजी," तो म्हणाला. "म्हणून तर."

*

तिसऱ्यांदा बांधून झाल्यावर तो म्हणाला, "चला वर. तिथेच बघायची."

वसतिगृहाच्या अंगणात मी गाडी त्याच जागी लावली, तोंड बोअरकडे, मागे कठडा. रखवालदार आम्हाला बघून आत गेला आणि पिवळे दगड घेऊन आला. त्याने ते धुऊन खिडकीत ठेवले होते. पान्याने दोन्ही हातांत एकेक घेतला, जरा वेळ धरून उभा राहिला, मग चाकांमागे लावले. इंजिन बंद. गिअर टाकलेला. हँडब्रेक त्याने मुद्दाम ओढू दिला नाही.

"तुम्ही वर बसा. ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. मी दगड काढतो."

"तू नको. मी काढतो."

"माझं काम मला बघू द्या, दाजी."

आरशात मला त्याचं डोकं दिसत होतं. तो तिच्याच जागी उकिडवा बसला होता. मी धाकट्या दांड्याकडे बघितलं. पुढे होता. हाताने चाचपून बघितलं. पुढेच होता. माझा पाय ब्रेकवर गेला, तसा मी तो मागे घेतला.

दगड निघाले. गाडी बोटभर मागे सरली, गिअरने धरली, उभी राहिली.

पुन्हा लावले, पुन्हा काढले. पान्याने पुढून कठड्याकडे ढकलून बघितलं. गाडी गदागदा हलवून बघितली. रखवालदाराला मागे चढवलं. अकरा वेळा बघितलं. अकराही वेळा गाडी खडकासारखी उभी.

मग तो माझ्या खिडकीशी आला. घामाने भिजला होता. दारावर हात ठेवून म्हणाला, "मग त्या दिवशीच का नाही धरलं हिने?"

मी समोरच्या बोअरच्या झाकणाकडे बघितलं.

"गिअर सुटल्याचा आवाज आला होता का? खट्‌ असा?"

"लक्षात नाही."

"धाकट्याचं विचारत नाही मी तुम्हाला," तो म्हणाला. "ते शक्यच नाही. ताई रोज विचारायची ना. मला सांगायची ती, तुझ्या दाजींचा भरवसा नाही म्हणून मी हाक देऊन विचारते, मगच दगड काढते. विचारल्याशिवाय ती दगडाला हात लावणार नाही. तेवढं मला ठाऊक आहे."

माझी मूठ धाकट्या दांड्यावर होती. त्याला ती दिसत होती. मी 'हो' म्हणालो नाही, 'नाही' म्हणालो नाही. त्याने 'हो' धरलं.

"मग माझ्या हातातच खोट आहे," पान्या म्हणाला. "यंत्रात सापडत नाही म्हणजे हातात आहे." त्याने दगड उचलले आणि माझ्या शेजारी, ती बसायची तिथे पायाशी ठेवले.

*

पुढच्याच महिन्यात त्याने गॅरेज आवरलं. मी म्हणालो, असं करू नकोस. तो म्हणाला, "उद्या दुसऱ्या कुणाची बहीण मागे उभी असेल." हत्यारं दोघातिघांनी वाटून नेली. आता तिथे एक माणूस टायर विकतो. पान्या एका गोदामाच्या फाटकावर असतो. आलेल्या गाड्यांचे नंबर लिहितो आणि फाटक उघडतो. गाडीत काही खडखडत असलं तरी तो सांगत नाही. ऐकू येतं, पण सांगत नाही, असं त्यानेच मला सांगितलं.

शेवटच्या दिवशी त्याने मला एक पाना दिला. जुना, दांडी गुळगुळीत झालेला. उशाशी घेऊन झोपायचा तोच. "बोअरच्या झाकणाला बरोबर बसेल. तुमचा तो नेहमी घसरतो." बसतो बरोबर. रोज वापरतो.

लोक विचारतात, तीच गाडी कशी चालवता हो? मी सांगतो, पाइप खांद्यावर नेता येत नाहीत. खरं म्हणजे गाडी उत्तम आहे. सकाळी पहिल्या झटक्यात चालू होते. चढावर कुरकुरत नाही. पान्याने बांधलेली एकही वस्तू आजपर्यंत ढिली पडलेली नाही, हँडब्रेकसुद्धा, एकदा आवळून घेतल्यापासून. त्याच्या हातात किती गुण होता ते मला रोज, दर चढावर कळतं, आणि ते ठाऊक असणारा आता मी एकटाच आहे.

बोअरच्या तोंडाशी उभं राहायला माणूस ठेवला नाही. एकट्याने जेवढं होतं तेवढंच काम घेतो. दगड मीच लावतो आणि मीच काढतो. काढण्याआधी तीनदा वर चढून धाकटा दांडा बघतो. तो पुढे असतो.

गोदामाच्या फाटकावरून रोज जावं लागतं. टेकडीचा रस्ता तोच आहे. पान्या हात वर करतो, मी गाडी हळू करतो. कधी थांबतो. तो बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकतो आणि म्हणतो, "बरी आहे." मी म्हणतो, "बरी आहे." मागे दुसरी गाडी हॉर्न देते, त्याला फाटक उघडावं लागतं.

तिने विचारलं होतं, आणि मी न बघता उत्तर दिलं होतं. हे पान्याला सांगायचं आहे, आणि मुलीलाही. अजून सांगितलेलं नाही.